भाऊबीजेचं पान : गोळाभात, पाटोडी, सांभारवडी. मापं, आणि कुठं बिघडते ते

पुसदकर

फराळ आता दुकानातही मिळतो, पण भाऊबीजेला लेकी, जावई, भाचे जमले की जेवण घरच्या चुलीवरचंच लागतं. त्या पानासाठी हा धागा. मापं दहा माणसांची लिहू या. वाटी १५० मिलीची, चमचा पोह्याचा. सगळ्यांनी तेच माप धरलं तर वाचणाऱ्याला जुळवता येईल.

माझं मत आधीच सांगतो. गोळाभात (भातावर वाफवलेले डाळीचे गोळे), पाटोडी (रस्स्याबरोबर खायची बेसनाची वडी) आणि सांभारवडी (सांभार म्हणजे कोथिंबीर, ती भरून तळलेली वडी) ही तिन्ही एका पानात घेऊ नका. तिन्हीत हरभऱ्याची डाळ आणि तिन्हीला भरपूर तेल. एकच मुख्य धरा, ते पोटभर करा, बाकी पान हलकं ठेवा.

गोळाभाताचं मी लिहितो. जुना तांदूळ ४ वाट्या, म्हणजे अर्धा किलो. हरभरा डाळीचा भरडा ३५० ग्रॅम, साधारण साडेतीन वाट्या. भरडा रव्यापेक्षा किंचित जाड हवा. गिरणीत नुसतं ‘डाळ दळून द्या’ म्हटलं की बारीक बेसन हाती येतं, म्हणून ‘भरडा’ असं सांगूनच दळून आणा. त्यात तिखट ३ चमचे, मीठ अडीच, हळद १, जिरं १, ओवा अर्धा, हिंग पाव चमचा, ठेचलेला लसूण आणि मूठभर चिरलेला सांभार. अर्धी वाटी तेल कडकडीत तापवून मोहन घाला आणि पिठाला नीट चोळा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, बोटानं ढकलल्यावर मोडला पाहिजे. मग पाणी शिंपडत मळा, एकूण पाऊण वाटीच्या वर नको. दहा मिनिटं झाकून ठेवा. भरडा सावकाश पाणी पितो, त्यामुळे आधी सैल वाटलेलं पीठ तेवढ्या वेळात घट्ट होतं. एवढ्यात निंबाएवढे (लिंबाएवढे) २० गोळे होतात.

भाताला ९ वाट्या पाणी आणि दीड चमचा मीठ. गंज (पातेलं) रुंद तोंडाचा घ्या, म्हणजे गोळे एका थरात बसतात. पाणी आटून भातावर बारीक भोकं दिसायला लागली की गोळे अलगद ठेवा, दाबू नका. विस्तव ओढून घ्या, झाकण घट्ट लावा, झाकणावर चार निखारे ठेवा. १५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. उतरवल्यावर आणखी १० मिनिटं तसंच मुरू द्या.

वाढताना गोळा भातात कुस्करायचा आणि वर फोडणीचं तेल. दहा जणांना एक वाटी तेल, त्यात मोहरी, हिंग, ७-८ सुक्या लाल मिरच्या. तेल ताटात पडताना कोमटाच्या वर असलं पाहिजे, म्हणून वाटीसकट चुलीच्या वैलावर ठेवा.

बिघडते ते असं. गोळा चिकट आणि आतून कच्चा निघाला तर बेसन बारीक होतं. घशात अडकला तर मोहन कमी पडलं. भातात विरघळला तर पाणी आटायच्या आधी ठेवला. वरून कोरडा आणि तडकलेला असला तर झाकणातून वाफ गेली.

साकोलीची सून

तांदळाचं थोडं विस्तारानं सांगते, कारण दिवाळी आणि धानाची कापणी आमच्याकडे एकाच सुमारास येते. घरात नवा तांदूळ आला की तोच टाकावासा वाटतो. गोळाभाताला नवा तांदूळ टाकू नका. तो कमी पाणी पितो, चिकट होतो, वाफ वर चढत नाही आणि गोळे खालून ओले, वरून कच्चे राहतात. निदान वर्षभर जुना पाहिजे. नवाच असेल तर पाणी ९ ऐवजी ७ वाट्या घ्या आणि तांदूळ आधी चमचाभर तेलात परतून घ्या. तेवढ्यानं बराच मोकळा होतो.

चिन्नोर हा सुगंधी तांदूळ गोळाभाताला घेऊ नका. त्याचा सुगंध हिंग-लसणाच्या तेलाखाली दबतो आणि शितं मऊ पडतात. चिन्नोर साध्या वरणभातासाठी ठेवा. गोळाभाताला एचएमटी चांगला बसतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून हा वाण तयार केला. बारीक, मोकळा शिजतो आणि भावही परवडतो.

झाडीपट्टी

आमच्याकडे काही घरी गोळ्यात लाखोळीची (लाखेची) डाळ टाकतात. चव खमंग येते, गोळा हलका होतो. चालेल का सणाला?

साकोलीची सून

सणाच्या एका जेवणाला चालते, पण नीट करून. लाखोळीत ओडॅप नावाचं विषारी द्रव्य असतं. महिनोन् महिने तीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात, त्या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. ते द्रव्य पाण्यात उतरतं. म्हणून डाळ कढत पाण्यात ३-४ तास भिजवा, पाणी दोनदा बदला आणि प्रत्येक वेळी फेकून द्या. ते पाणी वरणाला किंवा पीठ मळायला वापरू नका. मग निथळून जाडसर वाटा. भिजवलेल्या डाळीचे गोळे करताना वरून पाणी अजिबात नको, मोहनही निम्मंच पुरतं. मी एक भाग लाखोळी आणि दोन भाग हरभरा डाळ असं घेते.

आर्वीची काकू

पुसदकर भाऊ, तीन एकत्र नको हे पटलं. पण जावई जेवायला असतील तर मुख्य म्हणून मी पाटोडीच धरीन. गोळाभात गरम असतानाच खायचा पदार्थ आहे. दहा-बारा माणसं दोन पंगतींत बसली की दुसऱ्या पंगतीला तो गार होतो. पाटोडी आधी करून ठेवता येते, रस्सा पुन्हा उकळता येतो.

पाटोडीला बेसन ३ वाट्या, पाणी सव्वापाच वाट्या. इथे बेसन बारीकच हवं, आणि ताजं. कढईत ४ चमचे तेल, जिरं, मोहरी, वाटलेलं आलं-लसूण-हिरवी मिरची दोन चमचे, हळद, तिखट एक चमचा, मीठ दोन. पाणी घालून खळखळ उकळी आणा. पाण्यात कोरडं बेसन वैरू नका, गुठळ्या मोडता मोडता हात भरून येतो आणि मधलं पीठ कच्चं राहतं. सव्वापाचातलं दीड वाटी पाणी आधीच बाजूला काढून त्यात बेसन कालवा आणि ते कालवण उकळीत धार धरून सोडा. दुसऱ्या हातानं सराटा (उलथणं) सारखा फिरवा. दोन माणसं असतील तर बरं.

घट्ट झालं की झाकून मंद आचेवर ५ मिनिटं, मग हलवून पुन्हा ५ मिनिटं. आता परीक्षा. थंड ताटाला तेलाचं बोट लावा, त्यावर सुपारीएवढा गोळा टाका आणि मिनिटभर थांबा. बोटानं ढकलल्यावर तो अख्खा सुटला आणि ताटावर ओलसर डाग राहिला नाही, तर झालं. चिकटून मागे पातळ थर राहिला तर अजून पाच मिनिटं वाफ द्या. ही परीक्षा सोडू नका, पाटोडी रस्स्यात टिकते की नाही ते इथंच ठरते.

तेल लावलेल्या ताटात अर्धा इंच जाड थापा. वर खसखस, खोबऱ्याचा कीस, सांभार, आणि गरम असतानाच वाटीच्या बुडानं दाबा. गार झाल्यावर सुरीला तेल लावून शंकरपाळ्यासारखी कापा. गरम कापली तर कडा फाटतात.

रस्सा. मध्यम कांदे ४, सालासकट निखाऱ्यात भाजून. सुकं खोबरं पाऊण वाटी, धणे ३ चमचे, खसखस दीड चमचा, जिरं १, लवंगा ६, मिरे १०, दालचिनीचे दोन तुकडे, दगडफूल चिमूटभर, तेजपान २. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. खसखस सगळ्यात शेवटी आणि आच काढून, कारण ती जळलेली डोळ्याला दिसत नाही आणि सगळा रस्सा कडू करते. लसूण २०-२५ पाकळ्या, आलं दोन बोटं. पाट्यावर वाटलं तर मसाला लुसलुशीत होतो. मिक्सरमध्ये वाटायचं तर आधी कोरडं फिरवा, मग कांदा घाला, पाणी शेवटी आणि थोडंच.

एक वाटी फल्लीतेलात (शेंगदाण्याच्या तेलात) हा मसाला मंद आचेवर १५-२० मिनिटं परता. कडेनं तेल सुटलं की कढई खाली उतरवा आणि ३ चमचे तिखट घाला. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. पण कडक तापलेल्या तेलात तिखट पाच सेकंदांत काळं पडतं. म्हणून आधी उतरवायचं, हलवायचं, मग आधणाचं पाणी पावणेदोन लिटर. थंड पाणी घातलं तर तेल मसाल्यात कोंडतं, तर्री वर येत नाही. मीठ घालून १५ मिनिटं उकळा.

रानवाट

काकू, आमच्याकडे पाटोडी रस्स्यात फुटते. बेसन शिजतं, परीक्षेलाही उतरतं. तरी वाढेपर्यंत रस्सा पिठल्यासारखा घट्ट.

आर्वीची काकू

पाटोडी रस्स्यात कधी टाकता? उकळत्या रस्स्यात टाकून ठेवत असाल तर ती फुटणारच. पाटोडी ताटात वाढायची आणि वरून उकळता रस्सा. कोणाला मुरलेली आवडत असेल तर त्याच्या वाटीत पाच मिनिटं आधी घाला. बेसन शिजलेलं असलं तरी पाणी ओढायचं थांबवत नाही.

पुसदकर

यात थोडी भर. बेसनात तांदळाचं पीठ किंवा वाटाण्याची भेसळ असली तरी असंच होतं. सणाच्या आठ दिवस आधी घरची डाळ उन्हात वाळवून दळून आणा.

तिखटाचंही. नुसत्या भिवापुरी मिरचीचं तिखट असेल तर ३ चमचे मुलाबाळांच्या पंगतीला जास्त होतात. दोन चमचे भिवापुरी आणि एक चमचा कमी तिखट, लाल रंगाच्या मिरचीचं असं घ्या. आणि वायगावची हळद वापरत असाल, समुद्रपूर तालुक्यातली, तर नेहमीच्या मापाच्या पाऊणच घाला. तिचा रंग गडद येतो, जास्त झाली की रस्सा पिवळट दिसतो आणि कडसर लागतो.

जात्यावरची

सांभारवडीचं मी सांगतो. आमच्याकडं पुडाची वडी म्हणतात. भाऊबीजेले सांभार कोवळा राहते अन् पाण्यानं भरेल राहते. सारा घोळ तिथंच आहे.

अर्धा किलो सांभार, आदल्या दिवशी संध्याकाळी निवडून धुवा. जाड देठं काढा, कोवळी राहू द्या, वास देठातच राहते. सुती कपड्यावर पसरून रातभर पंख्याखाली ठेवा. सकाळी मुठीत दाबून पाहा, हाताले ओल लागली तं अजून वाळवा. ओला सांभार भरला का तेलात वाफ धरते अन् वडी फाटते. फाटलेल्या वडीतून पाणी तेलात गेलं का तेल उडते, हात भाजते. मग बारीक चिरा.

सारण असं : ३ चमचे तेलात तीळ २ चमचे, खसखस २, सुक्या खोबऱ्याचा कीस पाऊण वाटी, बदामी होईस्तोवर. त्यात तिखट २ चमचे, गरम मसाला १, धणेपूड १, साखर २, आमचूर १ चमचा. कढई खाली उतरवून थंड होऊ द्या, मंग सांभार मिसळा. गरमात टाकला का काळा पडते. मीठ आता टाकू नका. वड्या भरायले बसाल तेव्हा मीठ टाका, तेही एका वेळेले लागन तेवढ्याच सारणात. मीठ लागलं का सांभार दहा मिनिटात पाणी सोडते. आंबटपणाले निंबू पिळू नका याच कारणानं, आमचूरच बरा.

वरच्या पारीले बेसन अडीच वाट्या, मैदा सव्वा वाटी, हळद, मीठ, ओवा, ४ चमचे कडक मोहन. घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा. नुसत्या बेसनाची पारी लाटताना तुटते, नुसत्या मैद्याची वातड होते. गोळी मोठ्या निंबाएवढी, पारी पुरीपेक्षा थोडी मोठी अन् पातळ. तिच्यावर बोटानं चिंच-गुळाचा घट्ट कोळ लावा, पाणीदार नको. मधात (मधोमध) सारण दाबून, दोन्ही बाजू एकावर एक घ्या, मंग टोकं दुमडा. दुमड पाण्याच्या बोटानं चिकटवा अन् घडीची बाजू खाली करून ठेवा. एवढ्यात २० वड्या होतात.

तेल मध्यम. पारीचा तुकडा टाकला तं दोन-तीन सेकंदानं वर आला पाहिजे. लगेच आला तं तेल जास्त तापलं, वरून लाल अन् आतून कच्ची राहीन. तळाशीच बसला तं वडी तेल पिईन. घडीची बाजू आधी तेलात सोडा, ती पक्की झाली का मंग उलटवा. एका घाण्याले सात-आठ मिनिटं धरा.

झाडीपट्टी

मैद्याऐवजी कणीक चालते का?

जात्यावरची

चालते. बारीक चाळलेली घ्या, अन् मोहन एक चमचा कमी. पारी जरा मऊ पडते, दोन तासानं कुरकुरीत राहत नाही. लगेच वाढायची असन तं काही फरक नाही.

आर्वीची काकू

वडीबरोबर कढी. दीड लिटर ताक, जास्त आंबट नको, त्यात बेसन ३ चमचे घुसळून. फोडणीला जिरं, मेथीदाणे ७-८, गोडलिंब (कढीपत्ता), हिरवी मिरची, हिंग. पहिली उकळी फुटेपर्यंत पळी थांबवायची नाही आणि मीठ उतरवतानाच घालायचं. आधी मीठ घातलेलं ताक लवकर फाटतं.

काटोलकर

पाटोडी मुख्य धरली तर सोबत लंबी रोटी करा, पोळ्या लाटत बसू नका. उपड्या मटक्यावरची. एक माणूस सराईत असला तर अर्ध्या तासात पंगत उठते.

कणीक १ किलो, मैदाच्या चाळणीनं दोनदा चाळून. कोंडा राहिला की रोटी ताणताना तिथंच छिद्र पडतं. मीठ २ चमचे, पाणी सुरुवातीला ७०० मिली. सैल मळून अर्धा तास झाका. मग परातीत आपटायला घ्या : उचलायची, आपटायची, दुमडायची, पाण्याचा हात लावायचा. अर्धा-पाऊण तास. वेळ कमी करू नका, कारण ताण याच्यातून येतो. गोळा हातात धरला आणि तो न तुटता कोपरापर्यंत ओघळला, की तयार. थंडीत पाणी कोमट घ्या, नाही तर ताण यायला वेळ लागतो.

मटका उपडा घालून चूल पेटवा. पाण्याचा थेंब टाकला की क्षणात उडून गेला पाहिजे. मटक्यावर मिठाच्या पाण्याचा हबका मारा, त्यानं रोटी चिकटत नाही. गोळा दोन्ही तळहातांवर खेळवत हातभर लांब करायचा आणि पलीकडच्या कडेपासून आपल्याकडे टाकायचा. फुगे येतात, कडा सुटतात, दीड-एक मिनिटात काढून चौघडी करून टोपल्यात, वर कापड. नवा मटका आदल्या दिवशी मंद जाळावर तापवून घ्या, एकदम मोठा जाळ लागला तर तडकतो.

रानवाट

आमच्याकडे मटका नाही, सराईत माणूसही नाही. मग?

काटोलकर

मग ज्वारीची भाकर करा. पहिल्यांदा करणाऱ्यानं सणाच्या दिवशी लंबी रोटी धरू नये.

साकोलीची सून

गोडाचं कोणीच लिहिलं नाही. डाळीच्या मुख्य पदार्थावर पुन्हा पुरणपोळी जड होते. कोहळ्याची बोंडं करा, लाल कोहळं (लाल भोपळा) या दिवसांत पिकलेलं मिळतं. अर्धा किलो कीस, गूळ पाव किलो, दोन्ही मंद आचेवर शिजवा. पाणी नको, कोहळ्याचंच सुटतं. ते बरंच आटू द्या. गार झाल्यावर मावेल तेवढी कणीक, साधारण साडेतीनशे ग्रॅम, दोन चमचे मोहन, वेलची, खसखस, चिमूटभर मीठ. पीठ भज्यापेक्षा घट्ट हवं. गूळ वाढवू नका, बोंडं तेलात फुटतात आणि आतून शिजायच्या आधी काळी पडतात. सोडाही नको, तेल पितात. दोन दिवस टिकतात, म्हणून आदल्या रात्रीच करून ठेवा.

पुसदकर

कामाची वाटणी लिहून ठेवतो. आदल्या दिवशी : मसाला भाजणं, सांभार वाळवणं, बोंडं, भाताचे तांदूळ निवडणं. सकाळी सातला रस्स्याचं वाटण, आठला पाटोडी थापणं, म्हणजे ओवाळणं होईपर्यंत ती गार होऊन कापायला येते. रस्सा दहाला चढवा. भात आणि कढी शेवटी. सांभारवड्या मुख्य नसल्या तरी तोंडी लावायला माणशी एकेक चालेल, त्या भरून कापडाखाली ठेवा आणि पंगत बसल्यावर तळा. भरून तासाच्या वर ठेवू नका, खालची घडी ओलावते.

रानवाट

पाटोडी उरली तर?

आर्वीची काकू

रस्स्यात बुडवून ठेवू नका, वेगळी ठेवा. दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लाल करा. उरलेला रस्सा घट्ट झाला असेल तर त्यात आधणाचंच पाणी घाला, आणि मीठ नंतर चाखून.